शैलाताईंनी पारखलेलं घड्याळ

ताई, तुमच्या दहाव्याला रामकुंडावर कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून सुधीर मागे सरलाही नव्हता, तेवढ्यात आला आणि घास घेऊन गेला. गुरुजी म्हणाले, इच्छा काही राहिली नव्हती, सुटल्या. सगळ्यांना बरं वाटलं. मला मात्र संशय आला. तुम्ही तिथे असता तर आधी विचारलं असतंत की हा कावळा इथे रोजचाच आहे का. दिवसाला पन्नास पिंडं बघणाऱ्या कावळ्याने शिवलं काय आणि न शिवलं काय.

माझ्या संशयाचं कारण आणखी एक होतं. तुमच्या-माझ्यात एक गोष्ट सात वर्षं बोलायची राहिली होती. ती तशीच ठेवून तुम्ही इतक्या सहज सुटाल, हे मला पटेना.

तुमचा संशयी स्वभाव घरात सगळे थट्टेवारी न्यायचे. नाशिकरोडच्या छापखान्यात तुम्ही तीस वर्षं छापलेले कागद तपासलेत. शाई फुटलेली, रेघ हललेली, आकडा सरकलेला, यातलं काही तुमच्या नजरेतून सुटायचं नाही. तीच नजर घेऊन तुम्ही घरी यायचात. आंबा उजेडात धरून बघायचात, साडी धरून बघायचात, लग्नपत्रिकासुद्धा धरून बघायचात. मी सुधीरशी लग्न होऊन इंदिरानगरच्या घरात आले, तेव्हा माझ्या पोहण्याच्या प्रमाणपत्रावरचा शिक्का तुम्ही अंगठ्याने घासून पाहिला होतात. "शाई खरी आहे," म्हणालात आणि कागद परत दिलात. थोरल्या नणंदेकडून माझं स्वागत झालं ते एवढंच.

ती घड्याळाची खरेदी मला या तेरा दिवसांत सारखी आठवते आहे. अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. मी तलावावर सकाळची बायका-मुलींची बॅच घ्यायला लागले होते. भिंतीवरच्या घड्याळात पाणी शिरून ते कायमचं साडेसहावर थांबलेलं. मुंबईहून एक प्रशिक्षक दोन दिवस शिकवायला आले, त्यांच्या मनगटावर मी ते पाहिलं. काळी तबकडी, आकड्यांच्या जागी रेडियमचे जाडजूड ठिपके, काचेभोवती फिरणारं कडं. पाणबुड्यांचं घड्याळ, जुन्या धर्तीचं. कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवायची, की किती मिनिटं गेली ते एका नजरेत कळतं. ते घड्याळासकट पाण्यात उतरायचे आणि घड्याळासकट बाहेर यायचे. मला तसंच हवं झालं. कामासाठी हवं होतं हे खरं. पण नुसतंच आवडलं होतं, हेही तितकंच खरं, आणि ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

माझ्याकडे शिकवणीतून साठलेले दीड हजार होते. सुधीर म्हणाला, ताईला घेऊन जा, तिला कोणी फसवू शकत नाही. मला तुम्ही नको होतात. तुम्ही दुकानदाराच्या आधी माझ्यावर संशय घ्याल हे मला माहीत होतं, आणि झालंही तसंच. बसमध्ये बसल्या बसल्या तुम्ही विचारलंत की घड्याळ वेळ लावायला हवंय की मिरवायला. मी म्हटलं, वेळ लावायला. तुम्ही खिडकीबाहेर बघत "हं" म्हणालात. त्या एका "हं"मध्ये माझी सगळी चोरी पकडली गेली.

मेन रोडच्या दुकानांत आपल्यासमोर बोराएवढी सोनेरी लेडीज घड्याळं मांडली गेली. मोठं दाखवा म्हटल्यावर दुकानदाराने विचारलं, मिस्टरांसाठी का? तुम्ही म्हणालात, त्यांना पोहता येत नाही. नवं चांगलं म्हणावं असं जे होतं, ते माझ्या दीड हजारांच्या कितीतरी पलीकडचं होतं. मग आपण भद्रकालीत जुन्या घड्याळांकडे वळलो.

तिथल्या एका दुकानदाराने फडक्यातून एक घड्याळ काढलं. हुबेहूब तसंच, आणि माझ्या पैशांत बसणारं. मी पिशवीत हात घातलाही होता. तुम्ही माझं मनगट धरलंत आणि पर्समधून स्वतःचं भिंग काढून डोळ्याला लावलंत. बराच वेळ बघून म्हणालात, "तबकडी कालची आहे आणि काटे म्हातारे आहेत." मग मलाही दाखवलंत. तबकडीवरचे ठिपके पांढरेशुभ्र होते, काट्यांवरचं रेडियम मात्र चहाच्या डागासारखं पिवळं पडलेलं. अक्षरांच्या कडा सुजल्यासारख्या दिसत होत्या, म्हणजे तबकडी पुन्हा रंगवून वर नाव छापलेलं. मागच्या झाकणावर तर भलत्याच कंपनीचं नाव होतं. दुकानदार म्हणाला, बाई, पाण्यात टाका, काही होणार नाही. त्याच्या शेजारीच पाण्याने भरलेला पेला होता. तुम्ही बोट दाखवून म्हणालात, तुम्हीच टाका. त्याने घड्याळ फडक्यात गुंडाळून ठेवून दिलं.

पुढचे तीन महिने असेच गेले. एकाची चावी फिरवून घट्ट बसायला हवी ती नुसती दाबून बसवलेली. एकाचं कडं दोन्हीकडे गरगर फिरायचं. एक दुकानदार फारच गोड बोलला, म्हणून तुम्ही ते घड्याळ हातातही घेतलं नाहीत. मला राग यायचा. वाटायचं, यांना घड्याळ घ्यायचंच नाहीये, फक्त लोकांना खोटं पाडायचंय. एकदा परतताना मी तसं बोललेही. तुम्ही म्हणालात, खोटं असेल तरच पडतं.

शेवटी तुमच्या ओळखीतल्या कोणीतरी मनमाडच्या चाचांचं नाव सांगितलं. स्टेशनबाहेर त्यांची टपरी होती आणि रेल्वेतल्या लोकांची घड्याळं ते चाळीस वर्षं दुरुस्त करत होते. रविवारी आपण पॅसेंजरने गेलो. चाचांनी माझं म्हणणं नीट ऐकून घेतलं, मी पाण्यात किती वेळ असते ते विचारलं आणि दोन घड्याळं समोर ठेवली. एक जुनं, अस्सल, काहीही न रंगवलेलं. तबकडीचा काळा रंग उन्हाने तपकिरी झालेला, आणि त्यामुळेच ते फार देखणं दिसत होतं. दुसरं नवं होतं, जपानी यंत्राचं, पण चेहरा जुन्या धर्तीचा.

माझं मन जुन्यावर गेलं होतं. चाचांनी ते ओळखलं. म्हणाले, हे खरं आहे, पण याला पाण्यात नेऊ नका. आतल्या रबराच्या चकत्यांचा पापड झालाय, आणि या मापाच्या नव्या चकत्या मिळत नाहीत. "तुम्हाला हे दुसरं पाहिजे. दिसायला आजोबा, आतून नातू." नव्याची किंमत जुन्यापेक्षा कमी होती. स्टीलचा पट्टा सोडून रबरी घेतला, तर माझ्या पैशांत ते नेमकं बसत होतं.

इथे तुमचा संशय जागा झाला. जास्तीचं विकायचं सोडून कमीचं का देताय, असं तुम्ही त्यांना सरळ विचारलंत. चाचा हसले नाहीत. म्हणाले, "बाई, जुनं पाण्यात बंद पडलं तर तुम्ही इथेच येणार. तेव्हाचं तुमचं बोलणं ऐकायची माझ्यात ताकद नाही."

मग त्यांनी ते कडं दाखवलं. ते एकाच बाजूला फिरतं, उलटं फिरत नाही. का, असं तुम्ही विचारलंत. चाचांनी समजावलं की पाण्याखाली कशाचा धक्का लागून कडं हललंच, तर गेलेला वेळ जास्त दिसावा, कमी दिसू नये. माणूस घाबरून लवकर वर येईल, पण उशीर करणार नाही. तुम्ही ते कडं पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलंत, कट्‌कट् आवाज ऐकलात. "हे बरं केलंय," म्हणालात. एखाद्या वस्तूचं तुम्ही कौतुक केलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

घरी आल्यावर ते मला लगेच मिळालं नाहीच. तीन दिवस ते तुमच्या बादलीत होतं. रोज सकाळी तुम्ही भिंग लावून काचेच्या आत वाफ धरलीय का ते बघायचात. चौथ्या दिवशी पदराला पुसून माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, घे.

त्याच वर्षी तुम्ही निवृत्त झालात आणि तलावावर यायला लागलात. सकाळी साडेसहाला छत्री घेऊन पायऱ्यांवर बसायचात. पाण्याला पायही लावायचा नाहीत. आता माझी पाळी आली होती संशय घ्यायची. मला वाटलं, सुधीरने पाठवलं असेल. मग वाटलं, पुरुषांच्या बॅचचे सर माझ्याशी किती बोलतात ते मोजत असतील. एकदा न राहवून विचारलं की तुम्ही इथे कशाला येता. बघायला, म्हणालात. काय बघायला? "सगळंच." त्या दिवशी मी घरी जाऊन सुधीरशी भांडले. तो हसला आणि म्हणाला, तिला घरी करमत नाही गं. मला ते खरं वाटलं नाही.

आणि मग नव्व्याण्णवचा मे महिना.

हिराबाईंची सोनाली तेव्हा नऊ वर्षांची होती. मखमलाबादकडे त्यांचा झेंडू-शेवंतीचा मळा, मळ्यात कठडा नसलेली विहीर. पोर विहिरीच्या काठावर खेळते, तिला पोहता आलं पाहिजे, म्हणून हिराबाई पहाटे बाजारात फुलं उतरवून तिला तलावावर सोडायच्या. त्या सकाळी अकरा मुली होत्या. उथळ बाजूला सगळ्यांनी श्वास धरून पाण्याखाली जायचं, असा मी खेळ लावला होता. कडं फिरवून खूण मिनिटकाट्यावर आणली आणि मी सेकंदकाट्याकडे बघायला लागले.

सेकंदकाट्याकडे बघत होते, असंच मी पुढे सगळ्यांना सांगितलं. ताई, तुम्हाला माहीत आहे की ते खरं नव्हतं. ऊन नुकतंच तलावात उतरलं होतं. काळ्या तबकडीवर ते इतकं सुंदर पडलं की मी मनगट इकडेतिकडे कलवून बघत राहिले. किती वेळ, ते मला अजूनही सांगता येत नाही. मुली एकेक करून वर आल्या, खिदळायला लागल्या, ते कानावर पडत होतं.

"रेखा, दहाच आहेत."

तुम्ही ओरडलाही नव्हतात. कागदातली चूक दाखवावी तसं बोललात. मी मान वर केली. सोनाली दोरीच्या खालून घसरून खोल उताराकडे गेली होती आणि तिचे केस तेवढे पाण्यात पसरलेले दिसत होते. मी उडी मारली. बाहेर काढली तेव्हा ती निळी पडलेली. पालथी घालून पाठ दाबली, पाणी निघालं, आणि मग ती रडली. तसं रडणं मी आयुष्यात ऐकलं नाही. लोक धावत आले. मॅडमनी वाचवलं, मॅडमनी वाचवलं, असं चारी बाजूंनी सुरू झालं. हिराबाई आल्या आणि माझ्या पायांवर पडल्या. मी त्यांना उठवलं, पण काही बोलले नाही.

तुम्ही छत्री मिटून उभ्या होतात. आधी माझ्या मनगटाकडे बघितलंत, मग माझ्या तोंडाकडे. मग आपण रिक्षाने घरी आलो. वाटेत तुम्ही रिक्षा थांबवून कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस केलीत. मला वाटलं, आता रात्री जेवताना बोलतील. तुम्ही बोलला नाहीत.

महिन्याभराने तलावावर माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि चार भाषणं. तुम्ही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यात. त्या टाळ्या मला थोबाडीत मारल्यासारख्या वाटल्या. मला खात्री होती की तुम्ही ते सगळं राखून ठेवलंय. एखाद्या दिवशी भांडण होईल, मी वरचढ ठरेन आणि तेव्हा तुम्ही ते बाहेर काढाल. सुधीर आणि तुम्ही स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत असलात की मी दाराशी थांबून ऐकायचे. एकदा तुमच्या बोलण्यात "पाणी" शब्द आला आणि मी आणखी पुढे सरकले. तुम्ही नळाच्या वेळेबद्दल बोलत होतात.

मी घड्याळ काढून कपाटात टाकलं होतं. पावसाळा संपत आला तेव्हा तुम्ही मेथी निवडत होतात. मान वर न करता विचारलंत, घड्याळ घालत नाहीस? मी नाही म्हटलं. तुम्ही म्हणालात, "घाल. घड्याळाने काय केलंय?"

मला त्यात पुढचं वाक्य ऐकू आलं, जे तुम्ही बोललाच नव्हतात. माझा तोल गेला. मी म्हटलं, "ताई, सांगायचं असेल तर सांगून टाका एकदा सगळ्यांना." तुम्ही हातातली काडी मोडलीत आणि विचारलंत, कोणाला काय सांगायचं? मी उठून गेले. त्या विषयावरचं आपलं बोलणं तेवढंच. त्यानंतर सात वर्षं आपण रोज बोललो, सणवार केले, सुधीरच्या आजारपणात तीन आठवडे आळीपाळीने जागलो, तुम्ही मला पुरणपोळी लाटायला शिकवलीत. पण ती जागा आली की दोघीही वळसा घालून जायचो.

घड्याळ मी पुन्हा घातलं. तुम्हीही पायऱ्यांवर येत राहिलात. मुली पाण्यात उतरताना मी मोठ्याने मोजायचे, बाहेर येताना मोजायचे. तेव्हा तुमचीही बोटं मांडीवर हलताना मला दिसायची. मी दात-ओठ खायचे. एवढी वर्षं झाली तरी या बाईचा माझ्यावर भरवसा नाही, असं मनात यायचं. आणि तरी ज्या दिवशी तुम्ही आला नाहीत, त्या दिवशी मी तीनदा मोजलं, हेही आज कबूल करते.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तुम्ही नर्सकडून सलाइनची बाटली उलटी करून घेऊन तिच्यावरची तारीख वाचलीत. ती बिचारी माझ्याकडे बघायला लागली. मग तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, आज किती मुली होत्या? तेवीस, मी म्हटलं. मोजल्यास? उतरताना आणि बाहेर येताना, मी म्हटलं. तुम्ही डोळे मिटलेत. तेव्हा मला बोलायचं होतं, ताई. त्या दिवशी मी घड्याळाकडे बघत होते, सोनालीला तुम्ही वाचवलंत, मी फक्त उडी मारली. तीन वाक्यं होती. तेवढ्यात डॉक्टर आले आणि मी खुर्ची मागे सरकवून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी तुम्ही कोणाला ओळखत नव्हतात.

तेरावा झाल्यावर मी सुधीरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, मला ताईने यातलं कधीच काही सांगितलं नाही. मला ते खरं वाटलं, आणि आणखीच वाईट वाटलं. मग मी ठरवलं की ज्यांना खरं सांगण्याचं देणं मी लागते त्यांच्याकडे जायचं. काल सकाळची बॅच संपवून मखमलाबादला गेले.

हिराबाई ओसरीवर शेवंती मोजून टोपलीत घालत होत्या. तुमचं कळल्यावर त्यांना फार वाईट वाटलं, त्यांनी काम बाजूला ठेवलं. मी चहाही घेतला नाही. उभ्या उभ्या सांगितलं की त्या दिवशी माझं लक्ष घड्याळात होतं, तुमची मुलगी माझ्या चुकीने बुडत होती, आणि ज्या बाईने बघितलं तिचं नाव मी कोणाला सांगितलं नाही.

हिराबाई म्हणाल्या, "मला ठाऊक हाय, मॅडम. त्याच दिवशी कळलं."

त्यांनी मला बसवलं आणि सांगितलं. त्या दिवशी दुपारी तुम्ही रिक्षा करून एकट्या त्यांच्या मळ्यावर गेला होतात. मी घरी पांघरूण घेऊन पडले होते तेव्हा. तुम्ही त्यांना जसं घडलं तसं सांगितलंत, माझं नाव घेऊन, काही न लपवता. हिराबाई भडकल्या. उद्यापासून पोरीला पाठवणार नाही, तलावाच्या ऑफिसात जाऊन तक्रार करते, म्हणाल्या. तुम्ही त्यांना पूर्ण बोलू दिलंत.

"मंग त्या म्हनल्या, तक्रार करायची तर करा, तुमचा हक्कच हाय. पन पोरीला पाठवा. आता त्या तलावावर आमच्या रेखाएवढी डोळ्यांत तेल घालून बघनारी बाई तुम्हाला दुसरी मिळायची नाय. आन तरी भरवसा नसंल, तर मी रोज पायरीवर बसते, माझ्या भरवशावर पाठवा."

सोनालीला तिसऱ्या दिवशी पुन्हा तलावावर बघून मला केवढं आश्चर्य वाटलं होतं, ते आठवलं. मी विचारलं, तुम्ही सात वर्षांत मला कधी बोलला का नाहीत? नुसतं ठाऊक आहे म्हणाला असतात तरी माझ्या जिवाला थोडं हलकं वाटलं असतं.

हिराबाई जरा संकोचल्या. शेवंतीची फुलं हातात घेऊन पुन्हा ठेवली. "त्यांनीच नको म्हनलं होतं. म्हनल्या, तिला एकदा कळलं ना की माफ झालंय, तर ती सैल पडंल."

ताई, तुमचं बरोबर होतं. मी सैल पडलेच असते.